गॅल्व्हस्टनचं बंदर नेमकं कशामुळे मागे पडलं?

प्रश्न असा आहे. ह्यूस्टनहून तासाभरात गॅल्व्हस्टन बेटावर पोहोचलं की जुन्या देखण्या पेढ्या, लांबलचक समुद्रभिंत आणि पर्यटकांची गर्दी दिसते. हे एके काळी टेक्सासमधलं सर्वांत मोठं शहर होतं आणि १९०० च्या वादळाने ते संपलं, असं बहुतेक ठिकाणी वाचायला मिळतं. हे कितपत खरं? आणि उघड्या समुद्रातल्या वाळूच्या पट्ट्यावर एवढं मोठं बंदर मुळात झालंच कसं?

आधी थोडक्यात. वादळाने हजारो माणसं मारली आणि घरं मोडली, पण बंदर तीन आठवड्यांत पुन्हा कापूस चढवू लागलं होतं. बंदर मागे पडण्याची कारणं वादळाच्या आधी पाव शतक रुजली होती: धक्क्यावरची मक्तेदारी, मुख्य भूमीशी असलेला नाजूक दुवा, आणि ५० मैल आत असूनही समुद्र आपल्या दारापर्यंत खोदून आणणारा शेजारी, ह्यूस्टन. वादळाचं नाव पुढे करून हा सगळा हिशेब मिटवला जातो, म्हणून जरा तपशिलात जातो.

सुरुवात जमिनीपासून करावी लागते. गॅल्व्हस्टन हे सुमारे २७ मैल (४३ किलोमीटर) लांब आणि जास्तीत जास्त तीनेक मैल रुंद असं बेट आहे. खाली खडक नाही. लाटांनी आणून टाकलेली वाळू आहे. किनाऱ्याला समांतर पसरलेल्या अशा बेटांची रांगच मेक्सिकोच्या आखाताला लागून आहे. मग हेच बेट का? कारण त्याच्या पूर्व टोकाला, बोलिव्हार द्वीपकल्प आणि बेट यांच्यामध्ये खाडीचं तोंड आहे. आत सुमारे ६०० चौरस मैलांचा गॅल्व्हस्टन उपसागर. भरती-ओहोटीचं अंतर इथे जेमतेम दीड-दोन फूट. मुंबईच्या भरतीपुढे ते काहीच नाही. पण एवढ्या मोठ्या उपसागराचं पाणी दररोज एकाच तोंडातून आत-बाहेर करतं, म्हणून ते तोंड आपोआप खोल राहिलं. बेटाच्या आतल्या, म्हणजे उपसागराकडच्या अंगाला जहाजांना आडोसा मिळाला. न्यू ऑर्लिन्सपासून पार मेक्सिकोपर्यंतच्या किनाऱ्यावर असा नैसर्गिक आडोसा फार थोड्या ठिकाणी होता. शहराचं सगळं वैभव आणि सगळा धोका या एका रचनेत आहे.

मूळ रहिवासी करंकावा लोक बेटावर हंगामी येत. मासे, कालवं, शिकार यांवर जगत आणि मग आत मुख्य भूमीकडे जात. वाळूच्या बेटावर कायम वस्ती करायची नाही हे त्यांनी ओळखलं होतं. नोव्हेंबर १५२८ मध्ये काबेसा दे वाका हा स्पॅनिश माणूस याच किनाऱ्यावर येऊन आदळला. ते बेट गॅल्व्हस्टन की त्याच्या शेजारचं, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. पुढची अडीचशे वर्षं युरोपीयांनी इकडे फारसं लक्ष दिलं नाही. १७८५-८६ मध्ये होसे दे एविया याने किनाऱ्याचा नकाशा काढला आणि उपसागराला बेर्नार्दो दे गाल्वेस या स्पॅनिश अधिकाऱ्याचं नाव दिलं. गाल्वेस स्वतः इथे कधी आला नाही.

१८१७ मध्ये जाँ लाफित या चाच्याने बेटावर कांपेचे नावाची वस्ती उभारली. त्याच्या नावाभोवती दंतकथांचं जाळं आहे. धंदा मात्र साधा आणि क्रूर होता: स्पॅनिश जहाजं लुटायची आणि त्यांवरची गुलाम माणसं अमेरिकेत चोरून विकायची. अमेरिकेत गुलामांची आयात १८०८ पासून बेकायदा होती, त्यामुळे सीमेलगतचं निर्जन बेट त्याला सोयीचं पडलं. अमेरिकी नौदलाने १८२१ च्या सुमारास त्याला हुसकावलं. मेक्सिकोने १८२५ मध्ये इथे अधिकृत बंदर जाहीर केलं. १८३६ मध्ये टेक्सास मेक्सिकोपासून स्वतंत्र झालं, तेव्हा या बेटावर काही दिवस त्या प्रजासत्ताकाची राजधानीही होती. त्याच वर्षी मिशेल मेनार्ड याने ४,६०५ एकर जमीन ५०,००० डॉलरला घेतली, १८३८ मध्ये भागीदारांसह गॅल्व्हस्टन सिटी कंपनी काढली आणि १८३९ मध्ये शहराची रीतसर स्थापना झाली. किनाऱ्याला समांतर रस्त्यांना अक्षरं आणि आडव्या रस्त्यांना आकडे, ही तेव्हाची आखणी आजही तशीच आहे.

इथून पुढे कापूस. टेक्सासच्या आतल्या नदीखोऱ्यांत गुलामांच्या श्रमावर कापूस पिकत होता, आणि गॅल्व्हस्टन हा न्यू ऑर्लिन्सच्या पश्चिमेला गुलामांचा मोठा बाजार होता. स्ट्रँड नावाच्या रस्त्यावर आज ज्या सुंदर कमानी लोक फोटोत टिपतात, त्या कापसाच्या पैशातून उभ्या राहिल्या, आणि तो पैसा कुठून आला हे तिथे उभं असताना विसरू नये. १८६० मध्ये रेल्वेपूल बांधून बेट मुख्य भूमीला जोडलं गेलं.

अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६१ च्या जुलैमध्ये उत्तरेच्या नौदलाने बंदराची नाकेबंदी केली, ऑक्टोबर १८६२ मध्ये शहर घेतलं आणि तीनच महिन्यांत गमावलं. १ जानेवारी १८६३ च्या पहाटे दक्षिणेच्या जनरल मॅग्रूडरने नदीतल्या दोन आगबोटींवर कापसाच्या गाठी रचून त्यांचा चिलखतासारखा उपयोग केला आणि हल्ला चढवला. ‘हॅरियट लेन’ ही युद्धनौका पकडली गेली, ‘वेस्टफील्ड’ वाळूत रुतली आणि शत्रूच्या हाती पडू नये म्हणून तिच्याच लोकांनी ती उडवली. त्या स्फोटात तिचा कमांडरही गेला. गुलामांच्या मुक्तीचा लिंकनचा जाहीरनामा नेमका त्याच दिवशी अमलात आला होता. शहर पुन्हा दक्षिणेच्या हाती गेल्यामुळे तो जाहीरनामा टेक्सासमध्ये पोहोचायला अडीच वर्षं लागली. १९ जून १८६५ रोजी जनरल ग्रेंजरने गॅल्व्हस्टनमध्ये तिसरा सर्वसाधारण हुकूम काढला आणि टेक्सासमधले सुमारे अडीच लाख गुलाम स्वतंत्र असल्याचं जाहीर झालं. ‘जूनटीन्थ’ हा सण तिथून आला. २०२१ पासून ती देशभराची सुट्टी आहे. शहराने जगाला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट कुठली, असं विचारलं तर कापूस किंवा भिंत यांच्या आधी हा दिवस सांगावा लागेल.

इथे मुंबईचा संबंध येतो, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. गॅल्व्हस्टन, न्यू ऑर्लिन्स, सव्हाना, चार्ल्सटन ही बंदरं बंद पडली म्हणून लँकेशायरच्या गिरण्यांनी खानदेश, वऱ्हाड आणि गुजरातच्या रुईवर उड्या टाकल्या. मुंबईत पैशाचा पूर आला, बॅक बेच्या भरावाच्या कंपनीचे शेअर आभाळाला भिडले. जानेवारी १८६५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातला फिशर किल्ला पडल्यावर नाकेबंदी चुकवणाऱ्या जहाजांना दक्षिणेत उरलेलं मोठं बंदर म्हणजे गॅल्व्हस्टनच होतं. २ जूनला तेही शरण गेलं. १ जुलै १८६५ ला मुंबईचा शेअर बाजार कोसळला. युद्ध संपत आल्यामुळे रुईचे भाव एप्रिलपासूनच घसरत होते, त्यामुळे कोसळण्याचं कारण एकटं गॅल्व्हस्टन नव्हे. पण दोन्ही तारखा एकाच घटनाक्रमातल्या आहेत.

युद्धानंतरच्या तीस वर्षांत बंदराचा खरा प्रश्न पुढे आला: खोली. खाडीच्या तोंडाबाहेर, जिथे ओहोटीचा जोर संपतो तिथे, वाहून आलेली वाळू बसते आणि दांडा तयार होतो. या बाहेरच्या दांड्यावर जेमतेम १२ फूट पाणी असायचं. कापसाने भरलेल्या मोठ्या जहाजाला त्याहून बरंच जास्त पाणी लागतं. मग जहाज धक्क्यावर अर्धंच भरायचं, दांड्याबाहेर नांगरून ठेवायचं आणि उरलेल्या गाठी पडावांतून नेऊन उघड्या समुद्रात चढवायच्या. माल दोनदा हाताळायचा, गाठी भिजायच्या, वारा सुटला की काम बंद, विम्याचा दर वर. असा प्रत्येक गाठीवर जो जादा खर्च पडतो, तोच बंदराचं भवितव्य ठरवतो.

१८७० च्या दशकात लष्करी अभियंत्यांनी वेताच्या पिंजऱ्यांवर सिमेंटचा लेप देऊन, आत वाळू भरून, ते तोंडाशी रचून पाहिले. ते टिकले नाहीत. नंतर फांद्यांच्या जुड्या विणून त्यांच्या चटया बुडवल्या आणि वर दगड टाकले. त्या मऊ तळात खचल्या आणि लाकूड खाणाऱ्या सागरी किड्यांनी उरलेलं काम पूर्ण केलं. तत्त्व बरोबर होतं, वस्तुमान अपुरं होतं. तत्त्व असं: तोंडाच्या दोन्ही बाजूंनी समुद्रात लांबवर दगडी बांध नेले की ओहोटीचं पाणी पसरत नाही, अरुंद वाटेतून वेगाने जातं आणि वाळू स्वतःच धुऊन खोल समुद्रात नेतं. भरती-ओहोटीचं अंतर लहान असल्यामुळे बांध फार लांब न्यावे लागतात, आणि त्यासाठी पैसा लागतो. शहराच्या व्यापाऱ्यांनी १८८१ मध्ये खोल पाण्यासाठी समिती नेमून वॉशिंग्टनमध्ये सतत पाठपुरावा केला आणि १८९० मध्ये काँग्रेसने ६२ लाख डॉलर मंजूर केले. या वेळी थेट मोठाले दगड वापरले. दक्षिणेचा बांध सुमारे ११ किलोमीटर, उत्तरेचा सुमारे ८. १८९६ मध्ये ‘अल्गोआ’ हे तेव्हाच्या सर्वांत मोठ्या मालवाहू जहाजांपैकी एक थेट धक्क्याला लागलं आणि १८९७ पर्यंत वाटेत २५ फूट पाणी मिळू लागलं. त्यानंतर दोन-तीन वर्षांत गॅल्व्हस्टन अमेरिकेच्या पहिल्या कापूस-बंदरांत जाऊन बसलं.

धक्क्यावरचं काम कसं चालायचं तेही सांगतो, कारण पुढे त्याचा उपयोग आहे. जहाजाच्या पोटात गाठी रचून संपल्या की ‘स्क्रूमेन’ आत उतरायचे. चार माणसं आणि एक मुकादम, हातात लांब लोखंडी स्क्रू जॅक. रचलेल्या गाठी जॅकने दाबून फट करायची आणि त्या फटीत आणखी गाठी ठोसायच्या. एका फेरीत जादा माल बसायचा, त्यामुळे मजुरी उत्तम होती आणि गोऱ्यांच्या संघटनेने ती काळ्या कामगारांपासून राखून ठेवली होती. नॉरिस राइट क्यूनी या काळ्या नेत्याने १८८३ मध्ये स्वतःची साधनं घेऊन काळ्या कामगारांची तुकडी उभी केली आणि धक्क्यावर त्यांना जागा मिळवून दिली. पुढे १८८९ मध्ये तो बंदराचा कस्टम कलेक्टर झाला. दक्षिणेत त्या काळी काळ्या माणसाला याहून वरचं संघराज्याचं पद क्वचितच मिळालं असेल. नंतर गाठी यंत्रानेच जास्त घट्ट बांधल्या जाऊ लागल्या आणि हा व्यवसाय नाहीसा झाला.

आता दुखणं. बंदराचे जवळजवळ सगळे धक्के १८५० च्या दशकापासून गॅल्व्हस्टन व्हार्फ कंपनी या एकाच खासगी कंपनीकडे होते. १८६९ च्या तडजोडीत शहराला एक तृतीयांश हिस्सा मिळाला, पण दर कंपनी ठरवायची. आतल्या व्यापाऱ्यांनी तिला ‘आखाताचा ऑक्टोपस’ असं नाव ठेवलं होतं. आगबोटींचा मालक चार्ल्स मॉर्गन याने या दरांना कंटाळून ह्यूस्टनकडे जाणाऱ्या बफेलो बायू या संथ प्रवाहाच्या वाटेने स्वतःचा कालवा खोदला आणि १८७६ मध्ये गॅल्व्हस्टनचे धक्के टाळून माल ह्यूस्टनजवळच्या क्लिंटनपर्यंत नेऊ लागला. ही तारीख लक्षात ठेवा: वादळाच्या २४ वर्षं आधी बंदराला वळसा घालणारी वाट तयार होती.

दुसरं दुखणं पिवळ्या तापाचं. १८६७ च्या साथीत शहरात हजाराहून अधिक लोक मेले. साथ आली की ह्यूस्टन विलगीकरणाचा हुकूम काढून बेटाकडून येणारी रेल्वे अडवायचं. भीती खरी होती, पण त्यात व्यापारी डावही होता. माल अडला की तो ह्यूस्टनच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडायचा. म्हणून गॅल्व्हस्टनकरांनी १८७३ मध्ये ह्यूस्टनला बगल देणारी गल्फ, कॉलोराडो अँड सांता फे ही स्वतःची रेल्वे काढली. एवढं करूनही बेटावर यायचं तर पुलावरूनच यावं लागायचं.

१८८० मध्ये २२,२४८ वस्तीचं हे शहर टेक्सासमध्ये पहिलं होतं. १९०० च्या जनगणनेत वस्ती सुमारे ३८,००० झाली, पण तोवर ह्यूस्टन ४४ हजारांच्या पुढे गेलं होतं. म्हणजे मागे पडणं वादळाच्या आधीच आकड्यांत उतरलं होतं.

वादळाची सूचना निसर्गाने दोनदा दिली होती. किनाऱ्यावरच दक्षिणेकडे असलेलं इंडियनोला हे बंदर १८७५ आणि १८८६ च्या वादळांत उद्ध्वस्त झालं आणि लोकांनी ते सोडून दिलं. त्यानंतर गॅल्व्हस्टनमध्ये भिंतीची चर्चा झाली आणि खर्च पाहून विरली. हवामान कार्यालयाचा स्थानिक प्रमुख आयझॅक क्लाइन याने १८९१ मध्ये वर्तमानपत्रात लिहिलं होतं की शहराला वादळाने गंभीर धोका आहे ही कल्पना निराधार आहे. उथळ किनारा लाटांचा जोर मोडेल, असं तेव्हा अनेकांना वाटायचं. प्रत्यक्षात उलटं घडतं. समुद्रतळाचा उतार जितका मंद, तितकं वाऱ्याने ढकललेलं पाणी खाली परतायला जागा मिळत नाही आणि ते किनाऱ्यावर चढत जातं. लाट आणि उधाण या वेगळ्या गोष्टी आहेत. उथळ तळ लाटा मोडतो, पण उधाण वाढवतो.

८ सप्टेंबर १९०० च्या सकाळी उत्तरेचा वारा उपसागराचं पाणी शहराच्या मागच्या बाजूने आत ढकलत होता आणि त्याच वेळी आखाताचं पाणी पुढून वाढत होतं. मुख्य भूमीकडचे तिन्ही रेल्वेपूल आणि एक गाडीपूल दुपारपर्यंत निकामी झाले. पळायला वाट उरली नाही. शहरातली सर्वांत उंच जमीन ८.७ फूट होती. उधाण १५ फुटांच्या वर गेलं. संध्याकाळी वाऱ्याची दिशा फिरली आणि पाण्याची पातळी काही सेकंदांत चार फुटांनी वाढल्याचं क्लाइनच्या अहवालात आहे. वारा मोजणारं यंत्र ताशी १०० मैलांच्या आसपास मोजून उडून गेलं. सर्वांत जास्त माणसं मारली ती मोडलेल्या घरांनी. समुद्राकडची पहिली रांग पडली, तिची लाकडं लाटांबरोबर दुसऱ्या रांगेवर आदळली, मग तिसऱ्या. शेवटी ढिगाऱ्याची इतकी उंच रांग झाली की तिनेच मागच्या घरांना आडोसा दिला. सुमारे ३,६०० घरं गेली, शहरात ६,००० ते ८,००० माणसं मेली. सेंट मेरी अनाथालयात नन्सनी मुलांना दोरीने स्वतःला बांधून घेतलं होतं. १० नन्स आणि ९० मुलं गेली, तीन मुलगे वाचले. अमेरिकेच्या इतिहासात एवढे बळी घेणारी दुसरी नैसर्गिक आपत्ती नाही.

शहराने जे उत्तर दिलं ते आजही अभियंत्यांनी अभ्यासावं असं आहे. जनरल हेन्री रॉबर्ट, आल्फ्रेड नोबल आणि एच. सी. रिपली या तिघांच्या मंडळाने जानेवारी १९०२ मध्ये अहवाल दिला: तीन मैलांहून लांब भिंत, माथा सरासरी ओहोटीच्या पातळीपासून १७ फूट, आणि भिंतीमागचं सगळं शहर उचलून जमिनीला भिंतीपासून उपसागराकडे दर १,५०० फुटांना एक फूट उतार. नुसती भिंत पुरणार नाही हे त्यांना स्पष्ट होतं. भिंतीवरून आलेलं पाणी मागे तुंबलं तर शहर थाळीसारखं भरेल. भराव असेल तर भिंतीला मागून आधार मिळतो आणि पाणी उपसागरात निघून जातं.

भिंतीचं काम ऑक्टोबर १९०२ मध्ये सुरू झालं आणि जुलै १९०४ मध्ये १७,५९३ फूट भिंत उभी राहिली. खाली लाकडी खांबांच्या चार रांगा ४० फुटांहून खोल ठोकलेल्या, समुद्राच्या बाजूला फळ्यांचा सलग पडदा २४ फूट खोल, म्हणजे पायाखालून वाळू निसटू नये. पायाशी रुंदी १६ फूट, माथ्याशी सुमारे ५. समोरचा चेहरा अंतर्गोल, लाटेला वर वळवून मागे फेकणारा. ६०-६० फुटांचे तुकडे एकाआड एक ओतून नंतर मधले भरले, त्यामुळे काँक्रीट आकसलं तरी भेगा जोडांवरच राहिल्या. पायथ्याशी २७ फूट रुंद ग्रॅनाइटच्या दगडांचा थर. एका फूट लांबीच्या भिंतीचं वजन ४०,००० पौंड. खडीचे ५,२०० डबे, सिमेंटचे १,०००, वाळूचे १,८००, पायथ्याच्या दगडांचे ३,७०० डबे रेल्वेने आले. लोखंडी सळया मात्र फक्त पाच डबे. ही भिंत वजनावर उभी आहे.

शहर उचलणं त्याहून अवघड. १९०४ ते १९११ पर्यंत सुमारे ५०० ब्लॉक भरले गेले. भिंतीच्या मागे तीन मैल लांब, २०० फूट रुंद, २० फूट खोल कालवा थेट वस्तीतून खोदला आणि त्याच्या मार्गातली घरं तात्पुरती हलवली. ड्रेजर, म्हणजे तळाची वाळू उपसणारी जहाजं, बंदराच्या तोंडाजवळची वाळू पोटात भरून कालव्यात येत आणि वाळू-पाण्याचा रबडा नळांतून घरांखाली सोडत. पाव मैलाचा चौकोन आधी बांधाने वेढायचा. त्या चौकोनातलं प्रत्येक घर स्क्रू जॅकवर उचलायचं, खाली विटांचे खांब चढवायचे, पाण्याचे आणि गॅसचे नळ, ट्रामचे रूळ, अग्निशमनाचे नळखांब, सगळं वर घ्यायचं. मग रबडा सोडून पाणी निथळू द्यायचं. दोन हजारांहून अधिक इमारती अशा वर गेल्या. सेंट पॅट्रिक चर्चचं वजन ३,००० टन. ७०० जॅक लावून ते पाच फूट उचललं, आणि सगळे जॅक इशाऱ्यावर एकाच वेळी एवढासा फेरा फिरवल्यामुळे भिंतीला तडा गेला नाही. स्क्रू जॅक हे या शहराच्या हातातलं जुनं हत्यार होतं.

भरावाचा खर्च सार्वजनिक होता, पण आपलं घर उचलण्याचा खर्च मालकाचा. ज्यांना परवडला नाही किंवा दगडी बांधकामामुळे उचलणं शक्य नव्हतं, त्यांनी तळमजला बुजू दिला. ब्रॉडवेवरच्या अॅश्टन व्हिलाचं लोखंडी कुंपण आज कमी उंचीचं वाटतं, कारण त्याचा खालचा भाग मातीत गेला आहे. कबरस्तानातही तसंच, जुन्या थडग्यांवर नवी थडगी आहेत. वर्षानुवर्षं लोक आठ-दहा फूट उंच फळ्यांच्या वाटांवरून चालले. खाऱ्या वाळूने बेटावरची झाडं मारली. मातीचा थर आणून, खारटपणा सोसणारी कण्हेर आणि ओक लावून शहर पुन्हा हिरवं केलं ते विमेन्स हेल्थ प्रोटेक्टिव्ह असोसिएशनच्या बायकांनी.

१९१५ च्या ऑगस्टमध्ये जवळपास तितक्याच ताकदीचं वादळ आलं. भिंतीवरून पाणी आलं, मागचा भराव काही ठिकाणी वाहून गेला, पण शहर उभं राहिलं आणि भिंतीमागचे मृत्यू मोजकेच होते. दुष्परिणाम समोरच्या बाजूला झाले. लाट भिंतीवर आपटून परतताना पायथ्याची वाळू खरवडते, त्यामुळे भिंतीसमोरची पुळण जवळजवळ नाहीशी झाली. १९३० च्या दशकात आडवे बांध घालावे लागले आणि आता ठरावीक काळाने वाळू आणून टाकावी लागते. दक्षिणेच्या बांधाजवळ पूर्वेला वाळू साठते, भिंत जिथे संपते तिथे पश्चिमेला किनारा वेगाने खचतो.

आणि बंदर? जानेवारी १९०१ मध्ये बोमाँटजवळ स्पिंडलटॉपला तेल लागलं. तेलाच्या शुद्धीकरणाला लागते विस्तीर्ण आणि स्वस्त जागा, गोडं पाणी आणि चारी दिशांना रेल्वे. बेटावर यांपैकी एकही नव्हतं. ह्यूस्टनने खोल कालव्याचा निम्मा खर्च स्वतः उचलायची तयारी दाखवली, १९११ मध्ये १२.५ लाख डॉलरचे रोखे मंजूर केले आणि १० नोव्हेंबर १९१४ रोजी २५ फूट खोल ह्यूस्टन शिप चॅनल सुरू झाला. त्या कालव्याचं समुद्राकडचं तोंड म्हणजे गॅल्व्हस्टननेच मिळवून घेतलेल्या दगडी बांधांमधली वाट. कापसाची निर्यात बेटावरून पुढेही बरीच वर्षं जोरात चालली, पण नवा माल सगळा आत गेला. धक्के पूर्णपणे शहराच्या मालकीचे झाले ते १९४० मध्ये. तोपर्यंत दर कमी करून परत आणण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं.

मधला काळ जुगाराचा. मेसिओ बंधूंच्या क्लबांवर शहर जगलं, १९५७ च्या छाप्यांनी तेही संपलं. पैसा नसल्यामुळे जुन्या इमारती पाडायचंही कुणाला सुचलं नाही. १९७० च्या दशकात त्या दुरुस्त झाल्या आणि १८७७ ची ‘एलिसा’ ही शिडाची नौका बंदरात आणून उभी केली. आज बंदराची मोठी कमाई क्रूझ जहाजांवर आहे.

१३ सप्टेंबर २००८ चं ‘आइक’ वादळ भिंतीचं मर्म सांगून गेलं. पाणी भिंतीवरून फारसं आलं नाही. ते उपसागराकडून, मागच्या दाराने, सुमारे १० ते १३ फूट चढलं आणि बहुतेक घरांत शिरलं. १९०२ च्या उताराची रचना पाणी उपसागरात सोडण्यासाठी होती. उपसागरच वर आला तर ती बाजू सर्वांत सखल ठरते. त्यात जमीन खचते आहे आणि समुद्र चढतो आहे: बंदरातल्या पिअर २१ या धक्क्यावरच्या भरतीमापकावर शतकभरात दोन फुटांहून अधिक वाढ नोंदली गेली आहे, म्हणजे १७ फुटांची भिंत आता पाण्याच्या हिशेबात तेवढी उंच राहिलेली नाही.

२०२२ मध्ये काँग्रेसने मान्य केलेल्या आराखड्यात बेट आणि बोलिव्हार यांच्या किनाऱ्यावर ४३ मैल वाळूच्या टेकड्या, शहराभोवती पंपांसह कडं आणि खाडीच्या तोंडाशी वादळात बंद होणारे दरवाजे आहेत. जहाजांसाठीचे दोन मोठे दरवाजे ६५० फूट रुंदीचे. खरी कसोटी या दरवाजांची आहे. त्यांचे खांब तोंडातच उभे राहणार, म्हणून पाण्याचा मार्ग अरुंद होणार. मग प्रवाहाचा वेग, तळाची धूप, उपसागराचा खारटपणा आणि त्यावर जगणारी कालवं, सगळ्याचा हिशेब नव्याने करावा लागतो. मंजुरीच्या वेळचा अंदाज सुमारे ३४ अब्ज डॉलरचा होता आणि तो त्यानंतर वाढला आहे. एवढ्या खर्चाला वॉशिंग्टन तयार झालं याचं मोठं कारण म्हणजे त्या तोंडातून आत जाणाऱ्या वाटेवर वसलेले ह्यूस्टनचे तेलशुद्धीकरण कारखाने.